शिकागो: बिल्ल्यांच्या मागावर

जुने बिल्ले जमवणाऱ्याला अमेरिकेत एकाच शहरात जाता येणार असेल, तर मी डोळे झाकून शिकागोचं नाव घेईन. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे कार्यकर्ते वाटायचे आणि पोरं शर्टभर लावून मिरवायची, तोच हा बिल्ला: गोल पत्रा, वर छापील चित्र, मागे टाचणी. ग्रीन डक, पॅरिझियन नॉव्हेल्टी, क्रूव्हर हे बिल्ले पाडणारे मोठे कारखाने याच शहरातले. शिवाय शहराचा स्वभावच असा, की राजकारण असो वा गाणं, दोन तट पडणार आणि कोण कुठल्या बाजूचा ते छातीवर दिसणार. म्हणून इथला बिल्ला जिथे मिरवला गेला ती जागा पाहून मगच विकत घ्यावा, असं माझं पक्कं मत आहे. ही फेरी त्याच बेताने आखली होती.

मिलवॉकीहून हायवाथा ही रेल्वे दीड तासात शिकागोच्या युनियन स्टेशनला सोडते. स्वतःची मोटार घेऊन जाण्याच्या भानगडीत पडू नका, पार्किंगच्या पैशांत चार चांगले बिल्ले येतात. जायचं शुक्रवारी सकाळी. त्याचं कारण पुढे येईलच.

स्टेशनातून बाहेर पडून पश्चिमेला थोडं चाललं की २०६ साउथ जेफरसन स्ट्रीट ही इमारत लागते. १९७७ साली इथे ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स इथे रात्र-रात्र रेकॉर्ड वाजवायचा, आणि ज्याला पुढे हाउस संगीत म्हणू लागले ते, डिस्कोतूनच वाढलेलं नाचाचं संगीत, इथून निघालं. २०२३ मध्ये शहराने या वास्तूला वारशाचा दर्जा दिला. आत जाण्यासारखं काही नाही, विकत घेण्यासारखंही नाही. तरी पाच मिनिटं थांबाच, कारण पुढे बाजारात तुम्हाला हमखास ‘डिस्को सक्स’ (म्हणजे ‘डिस्को भिकार’) असं लिहिलेले बिल्ले दिसणार आहेत.

त्या बिल्ल्यांमागची गोष्ट अशी. शिकागोतलं एक रेडिओ स्टेशन १९७८ च्या अखेरीस डिस्कोकडे वळलं आणि स्टीव्ह डाल या निवेदकाची नोकरी गेली. तो डब्ल्यूएलयूपी म्हणजे ‘द लूप’ या रॉक स्टेशनवर आला आणि त्याने डिस्कोविरुद्ध आघाडीच उघडली. १२ जुलै १९७९ ला कोमिस्की पार्क मैदानावर इथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे डेट्रॉइटशी लागोपाठ दोन सामने होते. डिस्कोची एक रेकॉर्ड आणली की ९८ सेंटमध्ये प्रवेश. मधल्या वेळात रेकॉर्डींनी भरलेली पेटी मैदानात स्फोटाने उडवली, हजारो माणसं मैदानात घुसली आणि दुसरा सामना व्हाइट सॉक्सला सोडून द्यावा लागला. त्या रात्री विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्डीही बऱ्याच होत्या, असं त्याने पुढे सांगितलं. हाच मुलगा नंतर हाउस संगीताच्या सुरुवातीच्या निर्मात्यांपैकी एक झाला. हे कळल्यावर तो बिल्ला हातात घेताना मला नुसती गंमत वाटत नाही. माझ्या संग्रहात तो आहे, पण त्याच्या शेजारी हाउसच्या पार्ट्यांचा एखादा छोटा बिल्ला असल्याशिवाय तो कप्पा अपुरा आहे असं मी धरते. हे दुसरे बिल्ले फार कमी बनले आणि फार कमी उरले. दिसला तर घासाघीस करत बसू नका.

शुक्रवार एवढ्यासाठी, की लोगन स्क्वेअरमधलं बिल्ल्यांचं संग्रहालय ‘बिझी बीव्हर’ या बिल्ले बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीतच आहे आणि ते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळातच उघडं असतं. शनिवारी गेलात तर बंद दार पाहून परत याल. ब्लू लाइनने लोगन स्क्वेअरला उतरायचं आणि वीसेक मिनिटं चालत आर्मिटेज अव्हेन्यू गाठायचा. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्या. त्यांनी संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवरही लावला आहे. जाण्याआधी एक संध्याकाळ तो चाळलात तर तिथे काय बघायचं ते डोक्यात पक्कं असेल.

इथे डोळ्यांना जी सवय लागते ती बाजारात कामाला येते. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये टाचणीच्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत देशभर बिल्ल्यांचा पाऊस पडला. छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, दोन्ही पत्र्याच्या टोपणावरून मागे दुमडलेले आणि आतून कड्याने दाबलेले, अशी ती रचना. पुढे, १९२० च्या आसपास, थेट पत्र्यावर छापून ठोकलेले स्वस्त बिल्ले रुळले. या दोन जाती ओळखता आल्या की निम्मी फसवणूक टळते. बिल्ला तिरका धरून काठ पाहा. सेल्युलॉइडवाल्यात पापुद्र्याची जाडी आणि दुमड दिसते. पत्र्यावर छापलेल्यात रंग सरळ धातूवर असतो आणि ओरखडा पडला की खाली चकचकीत पत्रा उघडा पडतो. १९७२ च्या सुमारास काही कंपन्यांनी जाहिरात म्हणून जुन्या निवडणुकांच्या बिल्ल्यांच्या नकला काढल्या, त्या पत्र्यावर छापलेल्या. तेव्हा मॅकिन्लीचा बिल्ला थेट पत्र्यावर छापलेला असेल तर तो मॅकिन्लीच्या काळातला नाही, विषय संपला. १९७३ च्या कायद्यानुसार राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचं वर्ष घालावं लागतं. ते बहुधा काठावर बारीक अक्षरांत असतं, आणि तेवढाच काठ कुणी घासलेला दिसला तर तिथून निघा.

याच हिशेबाने आणखी एक. विवेकानंदांचं भाषण झालं ते १८९३ चं शिकागो आपल्या सगळ्यांना ठाऊक. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनातला म्हणून कुणी टाचणीचा सेल्युलॉइड बिल्ला पुढे केला तर हात आखडता घ्या. तेव्हा तशा बिल्ल्याचं पेटंटही नव्हतं. १९३३-३४ च्या ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ प्रदर्शनाचे बिल्ले मात्र भरपूर मिळतात आणि नव्या माणसाच्या खिशाला परवडतात.

शुक्रवारची उरलेली दुपार स्टेट स्ट्रीटवरच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयाला द्या. शहराच्या विशेष संग्रहात महापौर वॉशिंग्टन यांची कागदपत्रं आणि शिकागो ब्लूजचा संग्रह असं दोन्ही आहे. मूळ कागद बघायचे तर आधी वेळ ठरवावी लागते. आयत्या वेळी गेलात तरी इमारत बघण्याजोगी आहेच.

हॅरॉल्ड वॉशिंग्टन १२ एप्रिल १९८३ रोजी शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजी पदावर असतानाच गेले. त्यांचा निळा, उगवत्या सूर्याच्या किरणांचा बिल्ला हे माझ्या मते या शहराचं सगळ्यात देखणं स्मारक आहे. शिकागोजवळ नेपरविलला राहणारे आमच्या ओळखीचे एक काका तेव्हा नुकतेच शहरात नोकरीला लागले होते. त्यांनी हा बिल्ला स्वतःच्या पहिल्या ऑफिस बॅगेला लावला होता, आणि ती बॅग त्यांच्या माळ्यावर अजून आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनी ती काढून दाखवली. टाचणीला गंज, निळा रंग एका बाजूने उन्हाने उडालेला. “अगं, तेव्हा लिफ्टमध्ये शिरलं की आधी समोरच्याचा बिल्ला बघायचो आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचो,” काका म्हणाले. मी तो मागितला नाही, मागूही नये. अशा बिल्ल्याचा फोटो घ्या आणि कुणी, कधी, कुठे लावला ते त्याच दिवशी लिहून ठेवा. बाजारात तसाच बिल्ला मिळतो, त्यामागचं माणूस मिळत नाही.

त्याच निवडणुकीतला एक बिल्ला साफ पांढरा होता. त्यावर अक्षर नाही, चित्र नाही. वॉशिंग्टन नकोत असं म्हणणारे काही गोरे मतदार तो लावून फिरत आणि बघणाऱ्याला बरोबर कळत असे. संग्राहक म्हणून सांगते, हा विकत घेऊच नका. कोऱ्या बिल्ल्याचा खरेपणा सिद्ध करायला काहीच हाताशी नसतं, काल यंत्रातून काढलेलाही तसाच दिसतो. पण ओळखीच्या घरातून, हकिगतीसकट आला तर मात्र जपा. १९८३ चं शिकागो त्या रिकाम्या पांढऱ्या गोलाइतकं दुसऱ्या कशात दिसत नाही.

खरेदीसाठी केन काउंटीचा जुना बाजार. तो सेंट चार्ल्सला, बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी भरतो. तारखा पाहूनच शुक्रवार ठरवा. ओगिल्व्ही स्थानकातून मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या युनियन पॅसिफिक वेस्ट गाडीने जिनिव्हापर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करावी. रोख पैसे, तेही सुटे, जवळ ठेवा. काचेच्या पेटीत मांडलेले बिल्ले महाग असतात. खरी मजा टेबलाखालच्या बिस्किटांच्या डब्यांत आहे. तिथे हात घालण्याआधी विचारा, आणि उघड्या टाचण्यांपासून बोटं सांभाळा.

मला तिथे १९६४ च्या बीटल्सचा एक मोठा बिल्ला हाताळायला मिळाला. भिंगातून काठ पाहिला तर ग्रीन डकचं नाव. म्हणजे बिल्ला इथलाच. त्या सप्टेंबरमध्ये बीटल्स इथल्या इंटरनॅशनल अँफिथिएटरमध्ये गायले, आणि चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाचं ते गाजलेलं अधिवेशन त्याच इमारतीत झालं. बीटल्सच्या बिल्ल्यांच्या नकला इतक्या आहेत, की काठावरचं नाव वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत. नव्या नकलेत चित्र स्कॅन केलेलं असतं, भिंगाखाली बारीक अक्षरं फुटलेली दिसतात. मूळ बिल्ल्यावर ती सुरीने कापल्यासारखी असतात. हा खरा होता, पण मागे खोल गंज चढलेला. मी ठेवून दिला आणि त्या पैशांत वॉशिंग्टन यांचे दोन वेगवेगळे बिल्ले आणि एका जुन्या रेडिओ स्टेशनचा एक घेतला.

गंज गांभीर्याने घ्या. पापुद्र्याखाली तपकिरी डाग दिसले तर ओल आत शिरली आहे आणि ते डाग निघत नाहीत. घरी आणल्यावर पाण्याने, साबणाने पुसायला जाऊ नका, काठातून पाणी आत जातं. कोरडं मऊ फडकं पुरे. मागचा छापील कागद शाबूत असेल तर त्याला अजिबात हात लावू नका, बनवणाऱ्याचं नाव आणि पेटंटची वर्षं त्यावरच असतात. सेल्युलॉइड लवकर पेट घेतं, म्हणून दिवा, हीटर, उन्हातली गाडी यांपासून दूर ठेवा. काचेचं झाकण आणि आत कापूस असलेल्या चपट्या पेट्या मिळतात, त्या उत्तम. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत वर्षानुवर्षं ठेवू नका.

भारतात घेऊन जाणार असाल तर पावसाळा हा मोठा शत्रू. पुण्या-मुंबईच्या घरात घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या जूनपासून दर महिन्याला बदलायच्या. कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर पंधरा दिवसांनी. बिल्ले एकमेकांवर रचू नका, एकाची टाचणी दुसऱ्याच्या तोंडावर ओरखडे काढते. प्रत्येकाच्या खाली आम्लमुक्त कागदाची चिठ्ठी ठेवा: कुठे घेतला, किती डॉलरला, विकणाऱ्याने काय सांगितलं. ही चिठ्ठी परतीच्या गाडीतच लिहा. हायवाथात बसायला टेबल मिळालं तर दीड तासात सगळं लिहून होतं.