मानसशास्त्र घेताय? मग प्रॅक्टिकलपासून सुरुवात करा

जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना ‘मानसशास्त्रच का?’ असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: माणसं ओळखता येतील, कोणाला तरी मदत करता येईल. उत्तर चांगलं आहे. पण त्या मदतीच्या आधी तीन वर्षं मोजमाप शिकायचं असतं हे फार थोड्यांना माहीत असतं. मग थिअरीची घोकंपट्टी होते, आकडेमोडीची धास्ती बसते आणि प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री कोणाचं तरी समोर ठेवून उतरवलं जातं. इथेच मोठं नुकसान होतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची कॉलेजं मुंबई विद्यापीठात येतात, त्यामुळे अभ्यासक्रम मुंबईच्या मुलांचा आणि तुमचा सारखाच. प्रयोग मात्र तुमच्या वर्गात, तुमच्या माणसांवर, तुमच्या बोलीत होणार असतो, आणि त्यात काय बिघडू शकतं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

स्मृतिविस्ताराचा, म्हणजे एका वेळी किती अंक लक्षात राहतात हे मोजायचा प्रयोग घ्या. दिसायला सगळ्यांत सोपा. तीन अंकांच्या मालिकेपासून सुरुवात करायची, प्रत्येक लांबीच्या दोन मालिका वाचायच्या, सब्जेक्टने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याने, त्या त्याच क्रमाने परत सांगायच्या. एकाच लांबीच्या दोन्ही मालिका चुकल्या की थांबायचं. अंक सेकंदाला एक, आवाज सपाट. गडबड होते ती या सपाटपणात. आपल्याला फोन नंबर सांगायची सवय असते, त्यामुळे सहा-सात अंक झाले की वाचणारा नकळत तीन-तीनचे गट पाडतो, शेवटच्या अंकावर आवाज खाली आणतो. ऐकणाऱ्याला तयार गठ्ठे मिळतात आणि त्याचा विस्तार फुगतो. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये ‘सात, अधिक-उणे दोन’ हा आकडा मांडला. गट पाडायला आणि मनात घोकायला वाव दिला नाही तर तो चारच्या आसपास येतो, हे नेल्सन कोवनने २००१ मध्ये दाखवलं. म्हणजे तुमच्या सब्जेक्टला नऊ अंक आठवले तर तुम्ही त्याची स्मृती मोजलीत की तुमच्याच आवाजातली चाल, हे आधी तपासा. मोबाइलवर ६० ठोक्यांचा मेट्रोनोम लावा आणि मालिका दोनदा स्वतःशी वाचून बघा.

मालिका तयार करतानाही जपावं लागतं. ४-५-६ असे सलग अंक नकोत, एकच अंक लागोपाठ नको, सन वाटेल असं काही नको. रत्नागिरीच्या मुलासमोर ४-१-५-६ आलं की तो पिनकोड ऐकतो, मालवणच्या मुलाला ४-१-६-६ तसंच. चार अंकांचा त्याचा एकच घास होतो.

आणि पाऊस. जुलैमध्ये पत्र्याखालच्या वर्गात सर आली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशा वेळी ‘कार्डावर लिहून दाखवू’ म्हणून अर्ध्या सब्जेक्टना अंक दाखवायचे आणि अर्ध्यांना ऐकवायचे, हे सर्रास होतं. ते करू नका. ऐकलेले अंक आणि पाहिलेले अंक ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. पाऊस थांबेपर्यंत डोळ्यांनी करायचा दुसरा प्रयोग घ्या आणि आवाजामुळे थांबलो हे जर्नलमध्ये तारखेसकट लिहा.

डोळ्यांनी करायच्या प्रयोगांत म्यूलर-लायर, म्हणजे सारख्या रेषा लहान-मोठ्या भासण्याचा भ्रम, सगळीकडे असतोच. टोकांना आत वळलेले बाण असलेली रेषा पक्की, बाहेर उघडणारी पिसं असलेली रेषा सरकती. दोन्ही सारख्या दिसतील तिथे सब्जेक्टने सरकपट्टी थांबवायची. वीस वाचनं घ्यायची. दहा वेळा पट्टी स्पष्टपणे लांब ठेवून कमी करत आणायची, दहा वेळा स्पष्टपणे आखूड ठेवून वाढवत न्यायची. प्रत्येक दहांपैकी पाच वेळा पक्की रेषा डाव्या हाताला, पाच वेळा उजव्या. हा सगळा खटाटोप कशासाठी? हाताला पुढे सरकत राहायची सवय असते आणि डोळ्याला एक बाजू जास्त भरते. दोन्ही दिशा, दोन्ही बाजू घेतल्या की या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो तो भ्रम. समजा, पक्की रेषा १८ सेंटिमीटर आहे आणि वीस वाचनांची सरासरी १५.२ आली, तर भ्रम २.८ सेंटिमीटर. पिसांची रेषा लांब भासते, म्हणून सब्जेक्ट ती आखूड ठेवूनच ‘सारखी’ म्हणतो. वजाबाकीचं चिन्ह उलटं पडलं तर गणित पुन्हा करायच्या आधी कोणती रेषा सरकती होती ते बघा. नव्वद टक्के वेळा चूक तिथे सापडते.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींनी. फळी कधी मांडीवर, कधी हातात, त्यामुळे अंतर बदलतं. टेबलावर खडूने रेघ मारा आणि फळी तिथेच उभी ठेवा. मागची मोजपट्टी सब्जेक्टला दिसू देऊ नका. मध्येच ‘बरोबर’, ‘थोडं चुकलं’ असं म्हणू नका, नाहीतर दहाव्या वाचनानंतर तो तुमचा चेहरा वाचायला लागतो. पावसाळ्यात लाकडी सरकपट्टी फुगते आणि झटक्याने सरकते. खाचेत मेणबत्ती घासली की काम होतं. मिलिमीटरपर्यंत वाचा. ज्याच्या वहीत वीसच्या वीस वाचनं १५.० आणि १५.५ अशी गोल असतात, त्याने प्रयोग केलेला नाही हे परीक्षकाला पहिल्या पानावर कळतं.

निरर्थक शब्दांची यादी पाठ करून किती विसरतो ते मोजायचा प्रयोग तर आपल्या भागात वेगळ्याच कारणाने फसतो. हर्मन एबिंगहाउसने स्वतःवर केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत व्यंजन-स्वर-व्यंजन अशी अक्षरं जुळवली होती, अर्थाचा आधार मिळू नये म्हणून. आता छापील यादीत ‘पाग’ आणि ‘घोव’ असतील, तर पुण्याच्या मुलाला ते निरर्थक. हर्णैच्या मुलाला पाग म्हणजे फेकून टाकायचं जाळं, कुडाळच्या मुलीला घोव म्हणजे नवरा. हे दोन शब्द पहिल्याच फेरीत आठवणार आणि तुमचा विस्मरणाचा आलेख वाकडा होणार. म्हणून यादी वापरण्याआधी प्रयोगात नसलेल्या पाच स्थानिक मुलांना एकेक शब्द दाखवा, ‘काय आठवतं?’ एवढंच विचारा. दोघांना काही आठवलं तर शब्द काढून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे आणि जर्नलमधल्या चर्चेला खरा मजकूर मिळतो.

संख्याशास्त्राला घाबरून विषय बदलणाऱ्यांसाठी एक छोटं उदाहरण. ४, ६, ८, १०, १२. मध्यमान ८. विचलनांचे वर्ग १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०. पाचाने भागून वर्गमूळ काढलं तर प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यमानापासून किती पसरलेत त्याचं माप, २.८३ येतं, चाराने भागून काढलं तर ३.१६. दोन्ही बरोबर. हेच पाच जण तुमचा अख्खा गट असतील तर पाच. मोठ्या गटातून निवडलेला नमुना असेल तर चार. कॅल्क्युलेटरवर दोन्हीसाठी वेगळी बटणं असतात आणि मैत्रिणीचं उत्तर तुमच्याशी जुळत नाही याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

दुसरा घोळ सहसंबंधाचा, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने कमी-जास्त होतात हे सांगणाऱ्या आकड्याचा. दहा मित्रांकडून दोन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, सहसंबंध ०.४० आला की ‘संबंध सिद्ध झाला’ असं लिहायचं. दहा जणांसाठी ०.०५ पातळीवर (संबंध नसतानाही असा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात पाच) दुहेरी टोकाच्या चाचणीत किमान ०.६३२ लागतो. तीस जण असतील तर ०.३६१ पुरतो. तोच ०.४० एका ठिकाणी योगायोग असू शकतो, दुसऱ्या ठिकाणी दखल घेण्याजोगा. आणि ‘सिद्ध झालं’ हा शब्द जर्नलमधून हद्दपारच करा; अभ्युपगमाला, म्हणजे आधी मांडलेल्या अंदाजाला, आधार मिळाला किंवा मिळाला नाही, एवढंच आपल्याला म्हणता येतं. उलट निकाल आला तर आकडे वळवायला जाऊ नका. का उलट आला याची नीट चर्चा असलेलं जर्नल मला तरी नेहमीच जास्त मोलाचं वाटतं.

मराठीतून लिहिणाऱ्यांची गाडी परिभाषेत अडते. पुस्तकागणिक शब्द बदलतात, म्हणून वहीत दोन रकाने करा, मराठी आणि इंग्रजी, आणि प्रत्येकासमोर घरातलं उदाहरण. अंधारात माडाच्या झावळीची सावली माणूस वाटली तर तिथे सावली खरंच आहे, अर्थ चुकला. कोणीच नसताना आवाज ऐकू येतो, तो प्रकार वेगळा. आणि शेजाऱ्याने विहिरीत विष कालवलंय, हा पाणी तपासून दाखवल्यावरही न हलणारा विश्वास, तो तिसरा. भ्रम, विभ्रम, संभ्रम (इल्यूजन, हॅल्युसिनेशन, डिल्यूजन) या शब्दांची पुस्तकांत इतकी अदलाबदल होते की उदाहरणाशिवाय ते लक्षात ठेवणं धोक्याचंच. तसंच ऋण प्रबलन. ऋण म्हटलं की मुलं शिक्षा समजतात. कौलातून टपकणारं पाणी ताडपत्री टाकल्यावर थांबलं आणि पुढच्या वेळी आपण पहिल्याच थेंबाला ताडपत्री शोधली, हे ऋण प्रबलन. त्रास गेला म्हणून वागणं वाढलं. शिक्षेने वागणं कमी होतं.

अपसामान्य मानसशास्त्रात लक्षणं पाठ करण्यापेक्षा कालावधीची एक आडवी रेघ काढा. मनोविकृतीची, म्हणजे वास्तवाशी नातं तुटल्याची, लक्षणं एक दिवस ते एक महिना, मग एक ते सहा महिने, मग सहा महिन्यांहून जास्त, अशी नावं बदलत जातात. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) हे नाव सहा महिन्यांनंतरचं. आघातानंतरचा तीव्र ताण तीन दिवस ते एक महिना, त्यापुढे पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताण विकार. नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे. सततची चिंता सहा महिने. वाचताना प्रत्येक विकार आपल्यालाच आहे असं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं, त्या वेळी या रेघेकडे पाहिलं की बराचसा धीर येतो. तरीही वाटत राहिलं तर शिक्षकांशी बोला.

इथे आपल्या भागातला एक प्रश्न व्हायवात विचारला जातो आणि विचारला जायलाच हवा: देवळात अवसर येतो, म्हणजे देव अंगात येतो, तो आजार का? डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निकषांच्या अमेरिकन ग्रंथात विघटनशील ओळखीच्या विकारात दुसऱ्या शक्तीने झपाटल्याचा अनुभव मोजलेला आहे, पण सर्वमान्य धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तो विकार धरायचा नाही, असंही त्याच निकषांत म्हटलंय. जत्रेच्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसाला येणारा अवसर एक. आणि शाळेतल्या मुलीला अवेळी, तिच्या इच्छेविरुद्ध, अभ्यास आणि जेवण तुटेपर्यंत होणारा त्रास दुसरा. दोन्हींना एकाच शब्दात बसवणारं उत्तर, मग ते ‘अंधश्रद्धा’ असो की ‘आजार’, अपुरं आहे.

प्रश्नावली भाषांतरित करतानाही हीच काळजी. सिंधुदुर्गात ‘माका बरा वाटणा नाय’ हे तापालाही म्हणतात आणि मन लागत नसलं तरी. ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ या पुस्तकी वाक्याला ‘नाही’ म्हणणारी आजी दोन महिने अंगणातसुद्धा आलेली नसते. एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं, फरक पडेल ती वाक्यं बदलायची आणि मग पाच जणांवर वापरून पाहायचं. नावाऐवजी क्रमांक लिहा, पण तेवढ्याने भागत नाही. ‘वरच्या वाडीतली, २१ वर्षांची, पतपेढीत नोकरी’ एवढं लिहिलं की अख्ख्या गावाला माणूस कळतो. आणि प्रश्न विचारताना कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर तिथे प्रयोग संपला. त्या माणसाला एकटं सोडू नका, शिक्षकांना लगेच कळवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पदवीनंतरचं स्पष्ट सांगायला हवं. नुसतं बीए झाल्यावर समुपदेशनाची पाटी लावू नका. एमए दोन वर्षांचं, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. हे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, म्हणून सीनिअरचं ऐकून फी भरू नका, त्या वर्षीची मान्यता परिषदेच्या यादीत बघा. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसच्या वाटेने येतो, ती वाट वेगळी. राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. कॉलेजच्या पत्राने रीतसर परवानगी काढून तिथे भेट ठरली तर चुकवू नका, आणि मोबाइल बॅगेतच ठेवा.

प्रवेशाआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा. तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून शिकवलं जातं का, कारण काही ठिकाणी तो दुसऱ्या वर्षापर्यंतच असतो आणि मग जिल्हा बदलायची वेळ येते. आणि प्रॅक्टिकलच्या एका बॅचमध्ये किती मुलं असतात. उत्तर मिळालं की प्रयोगशाळेचं कपाट उघडून दाखवायला सांगा. सरकपट्टी सरकते का, ते हाताने बघा.