तुम्ही विचारलंत म्हणून : सातवीचं कधी ठरलं?

होय, अजून राग आहे. ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ ही घरापासून लांब भरकटलेल्या अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका २००१ च्या मे महिन्यात संपली, मी ती २००९ च्या पावसाळ्यात बघितली, तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो. नवऱ्यानं विचारून झालं, जावेनं विचारलं, दुकानात झेरॉक्सला येणारी कॉलेजची पोरं तर मुद्दाम खोडी काढल्यासारखी विचारतात : जहाजावरची सेव्हन, म्हणजे तुमची ‘सातवी’, आणि कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी चाकोटे यांचं जुळलं तर तुमच्या पोटात का दुखतं? त्याला जोडून पुढचं वाक्य ठरलेलंच. आपल्यात तर लग्नं ठरवूनच होतात की, मग या दोघांचं लेखकांनी ठरवलं तर काय बिघडलं?

माझं स्वतःचं लग्न ठरवून झालंय, माणूस बरा मिळालाय, त्यामुळं हा टोला बरोबर बसतो. त्यावर माझं उत्तरही आता पाठ झालंय. ठरवून होणाऱ्या लग्नात निदान चार माणसं येतात. पोहे होतात. मुलीचा मामा मुलाच्या ऑफिसात जाऊन गुपचूप चौकशी करून येतो. पत्रिका जुळत नसली तर जुळवून घेतात, पण ती काढून बघतात तरी. इथं काय झालं? चौथ्या सीझनला, १९९७ साली, ही सातवी जहाजावर आली. सहा वर्षांची असताना बोर्ग लोकांनी, म्हणजे माणसांना यंत्रं जोडून आपल्यात ओढणाऱ्या जमातीनं, उचललेली, स्वतःला ‘मी’ म्हणायचं विसरलेली. तिला माणूस करायला मालिकेनं चार वर्षं घेतली. त्यातली बरीचशी शिकवणी डॉक्टरनं केली, तोच तो प्रकाशाचा बनलेला, ऑपेरा गाणारा डॉक्टर. शिकवता शिकवता १९९९ मध्ये एका भागात तोच तिच्यात गुंतला आणि गप्प बसला. शेवटून दुसऱ्या भागात, आता आपण संपतोय असं वाटून, त्यानं तिला सांगून टाकलं. आणि त्याच्या पुढच्याच भागात सातवी चाकोटेबरोबर. आधीपासून चालू असल्यासारखं.

मला प्रेमकथाच नको असते असंही काही नाही. त्याच जहाजावरच्या टॉम आणि बेलानाचं बघा. चौथ्या सीझनला अंतराळात नुसत्या सूटवर तरंगत, प्राणवायू संपत आलेला असताना ती एकदाची बोलली, आणि लग्न सातव्या सीझनला. मधे भांडणं, अबोले, सगळं. तिथं मी पदर डोळ्याला लावलाय. आणि नाही, चाकोटे कॅप्टन जेनवेचाच व्हायला पाहिजे होता असं म्हणणाऱ्यांतलीही मी नाही. तो पक्ष वेगळा, त्याच्याबद्दल खाली येईलच.

गेली पंधरा वर्षं मी एवढंच सांगत आलेय. ते खरं आहे, पण तेवढंच नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. रिटायर झाल्यावरसुद्धा त्यांचे जुने शर्ट झटकले की घरातलं माणूस शिंकायचं. कानडी आणि मराठी त्यांना सारखंच, इंग्रजी मात्र हिशेबाच्या वहीपुरतं. गल्लीत कुणाला तालुक्याहून कानडी नोटीस आली, उताऱ्यावर काही नोंद चढली की माणूस कागद घेऊन आमच्या कट्ट्यावर यायचा. अण्णा आधी कानडीत मोठ्यानं वाचायचे, मग मराठीत सांगायचे. एकदा शेजारच्या काकी म्हणाल्या, “दिवाणजी, जरा बरं वाचा की.” अण्णा म्हणाले, “लिवलंय तेच वाचणार, वैनी.” आणि जमीन लिलावाला निघालीय हे त्यांनी तसंच सांगितलं, एक शब्द मऊ न करता.

या माणसाला मी मालिका वाचून दाखवत होते.

चुलतभावानं पुण्याच्या हॉस्टेलवरून सातही सीझनच्या डीव्हीडी आणल्या होत्या, घरी बर्न केलेल्या, वरती मार्करनं नंबर घातलेल्या. रात्री मी इअरफोन लावून पुढचा भाग बघून ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा खुर्चीत, मी मोड्यावर कॉम्प्युटरजवळ, आणि दर दोन वाक्यांनी स्पेसबार. शब्दांसाठी वखारीतली एक कोरी राहिलेली वही होती. जमेच्या बाजूला इंग्रजी शब्द, नावे बाजूला आमचा. बोर्ग म्हणजे मुंगळे. होलोडेक, म्हणजे हवं ते खोटं जग उभं करणारी खोली, ती नाटकाची खोली. सेव्हन ऑफ नाईन म्हणजे नवातली सातवी, आणि दोन दिवसांत नुसती सातवी. ते मुंगळे माणसांना आपल्यात ओढून घेतात त्याला शब्द सुचेना, तर अण्णाच म्हणाले, “विलीन.” विरोध करून उपयोग नाही, हे त्यांचं पालुपद मी वाचलं तेव्हा अण्णा हसले. “हे आमी छप्पन सालापास्नं ऐकतोय की.” सीमाभागात हा विनोद कुठंही बसतो, त्यामुळं त्याचं फार मनावर घेऊ नका.

सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब पडलेलं जहाज, पूर्ण वेगानं गेलं तरी घरी पोचायला ७५ वर्षं. अण्णांनी बोटांवर हिशेब केला, “म्हंजे पोचणार ह्येंचे नातू.” आणि मग रोज सहा वाजले की स्वतःच खुर्ची ओढायचे. दुसऱ्या सीझनमध्ये कॅप्टन आणि चाकोटे एका ग्रहावर दोघंच अडकतात, तो तिच्यासाठी लाकडाचा टब करतो. अण्णांनी त्याला न्हाणी म्हटलं. तो भाग त्यांनी दोनदा लावायला लावला.

त्याच पावसाळ्यात गडहिंग्लजचं एक स्थळ येऊन गेलं होतं. मी एकोणतीस पूर्ण. मुलाकडून निरोप यायचा होता, घरात सगळे मोबाईल वाजला की थबकायचे. अशात एका रात्री मी सातव्या सीझनचा ‘ह्यूमन एरर’ बघितला.

बघितला नसेल तर सांगते. सातवी नाटकाच्या खोलीत स्वतःसाठी एक आयुष्य रचते. राहायला खोली, साधा ड्रेस, बेलानाचं डोहाळजेवण करतात तसा कार्यक्रम, एक पियानो, त्यावर टक टक करणारा मेट्रोनोम, आणि एक पुरुष. तो चाकोटेच्या रूपाचा. त्याला ती जेवायला बोलावते. तो तिला सांगतो, त्या टकटकीवर नको, मनानं वाजव. तिकडं खरं जहाज क्षेपणास्त्रांच्या चाचणीच्या टापूत सापडलेलं आणि हिचं कामावर लक्ष नाही. शेवटी ती त्या खोट्या चाकोटेला सांगते की आता पुरे, आणि त्याच वेळी डोक्यातलं यंत्र बंद पडून ती कोसळते. डॉक्टर सांगतो, मुंगळ्यांनीच ठेवलेला फास आहे : भावना एका मर्यादेपलीकडं गेल्या की यंत्र मारतं. काढता येईल. ती म्हणते, नको.

त्या रात्री मी वहीत एकही शब्द लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना म्हटलं, “ही डीव्हीडी अडकतेय, पुढचा भाग लावते.”

का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की भागच बकवास आहे, अण्णांचा वेळ कशाला घालवा. खोटं होतं ते. भाग चांगला आहे, जेरी रायननं काम तर फारच चांगलं केलंय. मला भीती होती ती अण्णांच्या एका वाक्याची : बघ, तिलापण वाटतंयच की. सातवी ही आमच्या घरात एकटी राहून कुणाचं काही न अडणारी एकमेव बाई होती. तिनंही आरशासमोर ड्रेस लावून बघावा, हे मला गडहिंग्लजच्या निरोपाच्या आठवड्यात नको होतं.

शेवटचा भाग दुप्पट लांबीचा. पाऊस, त्यात लाईट जात होती, तीन संध्याकाळी लागल्या. २४०४ सालातली म्हातारी जेनवे काळ ओलांडून मागं येते आणि तरुण जेनवेला सांगते : तू याच वाटेनं गेलीस तर घरी पोचायला तुला एकूण २३ वर्षं लागतील, तीन वर्षांत सातवी मरेल, आपल्या नवऱ्याच्या मांडीवर. नवरा कोण? चाकोटे. ती गेल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

मी स्पेसबार दाबला, वाचलं. अण्णा पुढं झुकले.

“कधी ठरलं गं ह्येंचं?”

मी म्हटलं, “मधे एक भाग झाला.”

“कुठला?”

“डीव्हीडी अडकत होती तो.”

अण्णा थोडा वेळ पडद्याकडंच बघत होते. मग म्हणाले, “आणि न्हाणी बांधून दिलती तिचं काय?” मी हसले. वाटलं निभावलं. तर म्हणाले, “असू दे. बरं झालं. पोरीनं किती दिस एकटं ऱ्हायचं.”

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. लेखकांना बोलले, चाकोटेला बोलले, गडहिंग्लजला बोलले. तुम्हाला हेच ऐकायचं होतं म्हणून तो भाग दाखवला नाही, असंही बोलून गेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात लाटणं. अण्णा चढ्या आवाजात बोलणारे नव्हतेच. एवढंच म्हणाले, “वाचताना गाळलंस व्हय?”

मी म्हटलं, तिला कुणी विचारलंय का, तिच्यावर लादलंय हे.

“कॅप्टनबाईनं तरी तिला विचारून आणलंती? ती परत जातो म्हनून वरडत हुती. तवा तू कायच बोलली न्हाईस.”

आणि उठून झोपायला गेले. उरलेला भाग मी एकटीनं बघितला. पृथ्वी दिसते आणि संपतं. कुणाच्या घरचं कुणी भेटायला आलेलं दाखवतसुद्धा नाहीत. (हा आणखी वेगळा राग, तो परत कधीतरी.)

कॅप्टनबाईबद्दलचं अण्णांचं ते वाक्य मी अजून पचवतेय. जेनवेनं सातवीला मुंगळ्यांपासून तोडलं ते तिच्या मनाविरुद्धच. पण त्यावर मालिकेनं भांडण मांडलं, ती कॅप्टनला तोंडावर बोलली, पुढं कित्येक भाग ते धुमसत राहिलं. चाकोटेच्या बाबतीत भांडणच नाही. सातवी मरणार म्हटल्यावर म्हातारी जेनवे इतिहास बदलायला निघणार, आणि त्या मरणाला वजन यावं म्हणून एक नवरा. आपलं लग्न झालं आणि आपण मेलो, या दोन्ही बातम्या बाईला तिसऱ्याच माणसाकडून कळतात. मी अण्णांना हे तेव्हा असं सांगू शकले असते. पण तेव्हा एकोणतीस वर्षांच्या बाईला वाटत होतं की प्रेम आलं की बाई संपते. ती खुळी होती असं म्हणून मोकळी झाले असते, पण त्या आठवड्यात तिला तसं वाटायला कारण होतं, हे मीच जाणते.

गडहिंग्लजहून नकार आला. वयावरून. घरात त्यावर कुणी काही बोललं नाही.

दिवाळी झाल्यावर कधीतरी अण्णांनी विचारलं, “ती डीव्हीडी नीट झाली काय?” मी लावली. सगळा भाग वाचून दाखवला, डोहाळजेवणापासून, एक शब्द न गाळता. मेट्रोनोम टकटकतो तिथं त्यांनी मान हलवून ताल धरला होता. शेवटी सातवी ऑपरेशनला नाही म्हणते. खरा चाकोटे भेटून तिला चार माणसांत ये म्हणतो, तर तिथंही नाही म्हणून एकटी निघून जाते.

अण्णा म्हणाले, “हिनं सोताच बंद केलं की. मग मागनं लगीन कुठनं आलं?”

म्हणजे माझीच तक्रार. जे मी पंधरा वर्षं सगळ्यांना तावातावानं समजावतेय ते त्यांना एका संध्याकाळी समजलं असतं, मी आधीच वाचलं असतं तर. त्यांच्या बाबतीत ते प्रेम अचानक आलं त्यात निम्मा हात माझा होता. लेखकांचा निम्मा मी सोडत नाही : तो भाग धरूनसुद्धा मधला सांधा नाहीच. शेवटच्या भागात डॉक्टर चार वाक्यांत सांगतो की डोक्यातला तो फास काढता येईल, आधी नको म्हणालेली ती काढून घेते, झालं.

अण्णा २०१६ ला गेले. २०२० मध्ये ‘पिकार्ड’ ही नवी स्टार ट्रेक मालिका आली आणि त्यात सातवी परत आली, वय झालेली, बंदूक घेतलेली, कुणाचं न ऐकणारी. चाकोटेच्या संसाराचा मागमूस नाही. मी एकटीच सोफ्यावर टाळ्या वाजवल्या. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात ती रॅफी नावाच्या बाईचा हात हातात घेते, बोटांत बोटं गुंतवून, आणि मला इतकं बरं वाटलं की नवरा बाहेरून विचारायला आला, काय झालं.

आता तुम्ही कुणी हे विचारत नाही म्हणून मीच सांगते. त्या दोघींचंही आधी कुठं काही दाखवलेलं नव्हतं. पूर्ण सीझन बघितला मी, हातात हात येईपर्यंत धड एक प्रसंग नाही. तिथं राग आला नाही. का आला नाही, याला माझ्याकडं पाठ केलेलं उत्तर नाही. अण्णा असते तर पुढं झुकून त्यांनी पहिलं तेच विचारलं असतं, आणि यावेळी तर मी एकही भाग गाळलेला नव्हता.