काळा रस्सा आणि माझं कार्ड

आमच्या वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे पाहुण्यांना वाइन चाखवतो तिथे, जेवणासोबत एक कार्ड ठेवतात: कुठल्या पदार्थासोबत कुठली वाइन. ते तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती, ‘मटण काळा रस्सा – शिराझ’. शिराझ म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, आणि त्याची वाइनही. हॉटेल मॅनेजमेंटला असताना पाठ केलेलंच मी उतरवलं होतं: लाल मांसाला लाल वाइन, माशाला नि कोंबडीला पांढरी. तीन वर्षांत त्या ओळीबद्दल कुणी ब्र काढला नाही. मग त्या रविवारी नाना आले.

फेब्रुवारी म्हणजे नाशिकच्या वायनरीत ऐन हंगाम. पहाटेपासून क्रेट उतरत असतात, क्रशरभोवती माश्या घोंघावतात आणि टाक्यांकडून भिजवलेल्या पावाच्या पिठासारखा आंबूस वास येत राहतो. नेमकी तेव्हाच पर्यटकांचीही झुंबड. नानांच्या घरचे नऊ जण होते, निमित्त नानांच्या एकसष्टीचं. बुकिंग पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने केलेलं, आणि ते वडिलांना न विचारता केलेलं, हे नाना गाडीतून उतरले तेव्हाच कळलं. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर ‘चला, उरका’. पिंपळगावच्या बाजूचे बागायतदार. तीस वर्षं थॉम्पसन, म्हणजे बिनबियांची खायची द्राक्षं, माल एक्सपोर्टचा.

सुरुवात नेहमीप्रमाणे दाखवण्यासाठी राखलेल्या ओळींपासून केली. शिराझचा एक घड तोडणीला आला होता. नानांनी मणी तोंडात टाकला, चावला आणि बिया तळहातावर काढल्या.

“ताई, ही द्राक्षं का बोरं? बीच सगळं.”

“वाइनला बी आणि जाड सालच लागते, नाना.”

“एकरी माल किती?”

मी म्हटलं, वेलीवर घड आम्ही मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे रस दाट होतो.

“म्हणजे नुकसान मोजून घ्यायचं.” पोरं हसली, पण नाना गंभीर होते. त्यांच्या धाकट्या भावाने वाइनला उत्तेजन देणाऱ्या २००१ च्या सरकारी धोरणानंतर दोन एकर कॅबर्ने, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, लावली होती. चार-पाच वर्षं बरी गेली, मग कंपनीने माल उचलायचं बंद केलं. २०१० च्या सुमारास बाग तोडली. त्या काळात अशा बऱ्याच बागा तुटल्या. वाइन शब्दाला त्यांच्या घरात तेव्हापासून जी चव होती, ती माझ्या कुठल्याच बाटलीत नव्हती.

पण माणूस द्राक्षाचा. दुसरा मणी त्यांनी चिमटीत दाबला. बोटावर आलेला थेंब जवळजवळ पाण्यासारखा. मग साल अंगठ्याने चोळली, तर बोट जांभळं.

“रस तर पांढराच आहे की!”

हे सांगायला मला एरवी पाच मिनिटं नि एक तक्ता लागतो. रंग सालीत असतो. साल काढून नुसता रस आंबवला तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होऊ शकते. सालीसकट आंबवला तर लाल, आणि साल काही तासच ठेवून काढली तर गुलाबी, रोझे. तोंड आखडवणारं टॅनिनही साल नि बियांतूनच येतं. थॉम्पसनला ना बी, ना तसली साल. ते खायला केलेलं द्राक्ष.

सावलीत टेबल मांडलं होतं. नानी आणि मुलांना द्राक्षाचा रस, बाकीच्यांना ग्लास. पहिली सॉव्हिन्यॉ ब्लाँ, पांढरी वाइन, सोबत कोथिंबीर वडी. हिच्या वासाचं वर्णन करताना मी पॅशनफ्रूट, गवत वगैरे म्हणते. टेबलाशी बसलेल्या कुणीच पॅशनफ्रूट पाहिलेलं नव्हतं. (मीही नोकरी लागल्यावरच पाहिलं.) नानांनी ग्लास नाकाला लावला. “ढोबळी कापली की येतो, तो वास.”

ढोबळी मिरचीचा वास ज्या पायरॅझिन गटातल्या द्रव्यांमुळे येतो, तीच या द्राक्षातही असतात, आणि नानांच्या शेजारीच पॉलिहाऊसमध्ये ढोबळी असते. तो वास नानांच्या भावाने लावलेल्या कॅबर्नेतही, म्हणजे कॅबर्ने सॉव्हिन्यॉतही सापडतो, आणि त्यात नवल नाही: ती कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकराची पोर आहे, हे १९९० च्या दशकात डीएनए तपासून कळलं. लाल द्राक्षाच्या आई-बापांपैकी एक बाजू पांढरी, हे ऐकून नानांनी पहिल्यांदा मला नीट न्याहाळलं.

कोथिंबीर वडीशी ही वाइन चांगली जाते. वडीतली हिरवी चव तिच्याशी जुळते, आणि तळणीचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने धुऊन निघतो. भज्यावर लिंबू पिळावं तसं.

दुसरी शेनिन ब्लाँ, तीही पांढरी. मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, पण नाशिकला रुळली, कारण आपल्या उन्हातही आंबटपणा टिकवून धरते. आमची किंचित गोडसर ठेवलेली असते. मुलगा म्हणाला, “गोड म्हणजे नवशिक्यांची ना?” हे त्याने पुण्यात कुठेतरी ऐकलं असणार. सगळ्यांनी दोन घोट घेऊन ग्लास बाजूला सारले.

मग मटण आलं, आणि मी शिराझ ओतली. भाषण तयारच होतं. काळ्या मिरीला जो वास येतो त्याचं कारण रोटंडोन नावाचं द्रव्य, तेच शिराझच्या सालीतही असतं, म्हणून आपल्या मसाल्याशी हिची सोयरीक. वाक्य पुरं व्हायच्या आत सुनेला उचकी लागली. मुलाचे कान लाल. नानांनी भाकरीचा घास रश्श्यात बुडवून खाल्ला, वर घोट घेतला, आणि ग्लास असा ठेवला की काचेचा आवाज झाला.

“ताई, ही आग लावती.”

मी किचनमध्ये गेले. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी येवल्याकडच्या. मी विचारलं, आज रस्सा वेगळा केला का?

“गावाकडची माणसं आहेत ना? मग आज नीट केला.”

म्हणजे तीन वर्षं नीट केला नव्हता. मुंबईच्या पाहुण्यांना झेपेना म्हणून मावशी मिरची निम्मी घालायच्या आणि कांदा-खोबरं वाढवायच्या. माझ्या कार्डावरची ओळ त्या निम्म्या रश्श्यावर उभी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही कधी किचनमधल्या पातेल्यातला रस्सा चाखला नव्हता. ट्रेवर आलेलाच चाखायची.

तोंडातली जी यंत्रणा मिरचीला आग समजते, तीच अल्कोहोललाही समजते. शिराझ चौदा टक्क्यांच्या आसपास. वर टॅनिन लाळेतली प्रथिनं धरून ठेवतं, जांभूळ खाल्ल्यावर घसा धरतो तसं, आणि कोरड्या तोंडात तिखट आणखी झोंबतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कार्डावर मांसाचा रंग पाहिला होता, मसाला पाहिला नव्हता. दुसरी चूक त्याहून बावळट. बाटली तासभर टेबलावर, फेब्रुवारीतल्या दुपारी. पुस्तकात लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्या म्हणतात, ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. कोमट लाल वाइनमध्ये अल्कोहोलच पुढे येतं.

बाहेर आले तेव्हा नाना मघाचा शेनिनचा ग्लास हातात घेऊन बसले होते. त्यात मुलाने बादलीतली गार शेनिन पुन्हा ओतली होती. रस्सा, भाकरी, घोट. थांबले. पुन्हा रस्सा, पुन्हा घोट.

“हे जमलं,” ते नानींकडे वळून म्हणाले. “ठेच्यावर गुळाचा खडा.”

ती थोडीशी गोडी मिरचीची धार बोथट करते, गारवा आणि आंबटपणा जीभ मोकळी करतो, आणि अल्कोहोलही शिराझपेक्षा कमी. मुलानेही मुकाट्याने ग्लास पुढे केला.

शिराझची बाटली मी बर्फात ठेवली, वीस मिनिटं. वाया जाऊ द्यायला मन होईना. मग सुचलं, नातवंडांसाठी मावशींनी अळणी काढलं होतं: हळद, मीठ, आलं-लसूण, बस. त्यातला चरबीचा एक तुकडा नानांच्या ताटात घातला, वर मिठाचे चार कण, आणि शिराझ. टॅनिनला धरायला मांसातली प्रथिनं मिळाली की ते लाळेला कमी छळतं, आणि मिठाने कडवटपणा खाली बसतो. नाना बराच वेळ चावत राहिले.

“आता मिरी लागली.”

माझ्या भाषणातलं ते एकच वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

नानींनी घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते, म्हणून उरलेले ग्लास मी उचलले आणि लेट हार्वेस्ट शेनिनची छोटी बाटली उघडली. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढवून केलेली.

“म्हणजे निम्मा बेदाणा झाला की तोडायचा,” नाना म्हणाले. मी हो म्हटलं. पुरणापुढे तीही थोडी कमीच पडली, खरं सांगायचं तर. पुरणपोळीला तूपच.

सोमवारी कार्ड बदललं. रश्श्यापुढे ‘शेनिन, गार’ आणि शिराझपुढे ‘अळणी मटण’. शेफ म्हणाले, अळणी कार्डावर कसं दिसेल? मी म्हटलं, चाखा. चाखलं, पण नाव बदलून ‘मटण स्ट्यू’ करायला लावलं. मावशींना ते अजून पटलेलं नाही.

निघताना नानांनी काउंटरवर शेनिनच्या दोन बाटल्या मांडल्या आणि विचारलं, उघडल्यावर किती दिवस टिकते?

“फ्रिजमध्ये तीन-चार दिवस.”

“फ्रिज दुधाचा आहे,” नानी मागून म्हणाल्या.

नानांनी एक बाटली परत ठेवली.