बॅटल क्रीकची न्याहारी

मिशिगनमधील बॅटल क्रीक या गावात वाऱ्याची दिशा तशी असली, की हवेत भाजलेल्या धान्याचा वास दरवळतो. आपल्याकडे चुरमुऱ्यांच्या भट्टीजवळून जाताना येतो साधारण तसाच, फक्त थोडा गोडसर. कॉर्नफ्लेक्सचे गाव एवढीच ओळख घेऊन मी येथे आलो होतो. या न्याहारीच्या मुळाशी एक धर्मपंथ आहे, हे मला येथील ओक हिल दफनभूमीत, त्या पंथाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलेन व्हाइट यांच्या कबरीपाशी समजले.

22 ऑक्टोबर 1844 रोजी ख्रिस्त पुन्हा अवतरणार, अशी विल्यम मिलर या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या अनुयायांची खात्री होती. तो दिवस तसाच मावळला. त्या निराशेतूनही ज्यांची श्रद्धा टिकली, त्यांच्यातील काहींनी मे 1863 मध्ये बॅटल क्रीक येथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना केली, आणि पुढच्याच महिन्यात व्हाइटबाईंना आरोग्याविषयी दृष्टान्त झाला. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे बायबलमधील वचन प्रमाण मानून त्यांनी मद्य, तंबाखू, चहा-कॉफी आणि मांसाहार यांविरुद्ध उपदेश केला. हे सारे त्यांनाच प्रथम सुचले असे नव्हे; सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक 1830च्या दशकातच कोंड्यासकट दळलेल्या पिठाच्या पावाचा प्रचार करीत होते. त्या काळी डॉक्टरच पाऱ्याची औषधे देत असत, हे लक्षात घेतले म्हणजे शुद्ध हवा, पाणी आणि साधे अन्न सांगणाऱ्या या मंडळींना भाबडे म्हणण्याचा धीर होत नाही.

आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या सात्त्विक-तामसासारखंच की!" पुण्यातील स्पायसर कॉलेज याच पंथाचे, हे कळल्यावर तर तिला नवलच वाटले.

1866 मध्ये पंथाने येथे आरोग्यसंस्था काढली. व्हाइट दांपत्याच्या छापखान्यात पोरवयात छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणारा जॉन हार्वी केलॉग त्यांच्याच मदतीने डॉक्टर झाला आणि 1876 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तिचा प्रमुख बनला. मसालेदार अन्न आणि मांस यांनी वासना चाळवतात, अशी त्याची धारणा होती. 1894 मध्ये शिजवून ठेवलेला गहू शिळा झाला, तो तसाच लाटला गेला आणि त्याचे पापुद्रे निघाले; रुग्णांसाठीच्या या मिळमिळीत पथ्यातूनच पुढे मक्याचे कॉर्नफ्लेक्स आले. शुद्धतेचा हाच ध्यास पुढे भलत्याच वाटेने गेला, तेही सांगायला हवे: 1907 मध्ये पंथाने केलॉगला काढून टाकले, आणि 1914 मध्ये याच गावात त्याने वंशसुधारणेची, म्हणजे 'चांगल्या' वंशाच्याच माणसांची पैदास व्हावी या विचाराची, परिषद भरवली. त्याची थोरवी गाणाऱ्यांनी हा भाग झाकून ठेवू नये, असे मला वाटते.

धाकटा भाऊ विल याला मात्र वासनांपेक्षा विक्रीची काळजी अधिक होती. त्याने 1906 मध्ये स्वतंत्र कंपनी काढली आणि थोरल्याचा विरोध असताना फ्लेक्समध्ये साखर घातली. दोघे भाऊ ओक हिलमध्येच पुरलेले आहेत. घरी परतल्यावर मी खोक्याच्या बाजूवरील घटकांची यादी वाचली: आधी मका, आणि लगेच दुसऱ्या क्रमांकावर साखर.