साठ म्हटलं, तिकडे आठ ऐकू गेलं

मशीद बंदरला स्टेशनरीच्या होलसेल दुकानात ऑर्डरचं काम बघते मी, म्हणजे दिवसभर फोनच, आणि त्यातले कितीतरी कॉल डोंबिवलीहून येता-जाता लोकलमध्ये. मे-जूनला शाळांचा सीझन, तेव्हा तर विचारूच नका. मागच्या सीझनला मी गोडाऊनला साठ डझन लाँगबुक सांगितल्या, तिकडे ऐकू गेलं आठ, आणि आठच डझन निघाल्या. गिऱ्हाईक जाम तापलं, त्याचं बरोबरच होतं. कानातल्या ब्लूटूथ बड्समध्ये (बिनवायरचे छोटे इअरफोन) गाणी इतकी मस्त वाजायची की दोष त्यांचा असेल असं डोक्यातच आलं नाही.

मग जरा वाचलं याबद्दल. गाणी ऐकताना आवाज फक्त कानाकडे येतो, कॉलमध्ये आपला आवाज परत पाठवायचाही असतो, म्हणून ब्लूटूथ एचएफपी नावाच्या वेगळ्या मोडवर जातं आणि आवाजाचा दर्जा उतरतो. कोडेक म्हणजे आवाज आवळून पाठवायची पद्धत, आणि सॅम्पल म्हणजे आवाजाची घेतलेली मोजणी. जुना सीव्हीएसडी कोडेक असेल तर सेकंदाला 8,000 सॅम्पल, एमएसबीसी असेल तर 16,000. आता 8,000 मध्ये 4 किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे त्याहून बारीक, उंच पट्टीचं काही जातच नाही आणि 'स'चा बराचसा जोर नेमका त्याच्या वर असतो, त्यात गाडीची घरघर आणि डोक्यावरचा पंखा, म्हणजे साठमधला 'स' गेला की उरतं काय तर आठ!

दुसरी गोष्ट, बॉक्सवर एएनसी लिहिलेलं बघून भुलू नका. ते आपल्या कानासाठी, म्हणजे बाहेरचा गोंगाट आपल्याला कमी ऐकू यावा म्हणून. समोरच्याला गोंगाट कमी जावा यासाठी ईएनसी असतं, कॉलवाल्यांनी ते बघायचं. आणि 40 तास बॅटरी वगैरे जे लिहितात ते बहुतेक वेळा चार्जिंगची डबी, म्हणजे केस, धरून आणि गाणी ऐकण्याचं, सतत बोललं की त्याच्या बरंच आधी संपते.

मग नवीन घ्यायचं ठरवलं, बजेट दोन हजारांच्या आत. लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले, दुकानदार लगेच गाणं लावून "ऐका ताई, बेस बघा" म्हणाला. मी म्हटलं बेस राहू द्या दादा, मला एक कॉल करू द्या. रस्त्यावर बाहेर आले, मागे हॉर्न चालू, घरी नणंदेला फोन लावला आणि नुसते आकडे म्हणत गेले, साठ, आठ, सात, साडेसात, आणि तिला म्हटलं ऐकू येईल तसं कागदावर लिही. पहिल्या बड्सला तिने दहातले सहा बरोबर लिहिले. दांडीवाल्या बड्सला आठ, कारण माइक तोंडाकडे जरा खाली येतो. नेकबँडला, म्हणजे गळ्यात पट्टा असतो त्या इअरफोनला, दहाच्या दहा. फोनच्या रेकॉर्डरवर ही टेस्ट करू नका हां, बऱ्याच फोनमध्ये तो फोनचाच माइक घेतो आणि आपल्याला वाटतं इअरफोन भारी आहे, समोर खरा माणूसच हवा.

नेकबँडच घेतला, पंधराशेच्या आतबाहेर. गर्दीत कानातून निसटला तरी गळ्यात राहतो, एक बड रुळांवर गेला की जोडीच बाद होते ती भीती नाही. आयपीएक्स4, म्हणजे पाण्यापासून बचावाचं रेटिंग, बघून घेतला, घामाचं आणि पावसाच्या शिंतोड्यांचं टेन्शन नाही. बड्सचा एक फायदा मात्र मान्य, एक कानात आणि दुसरा केसमध्ये चार्जिंगला असं आलटून पालटून चालतं, ऑफिसात बसून बोलणाऱ्यांना ते बरं पडेल.

पहिल्याच आठवड्यात गोडाऊनवाले काका म्हणाले, ताई मधेच खरखर येते. बघितलं तर ओढणी माइकवर घासत होती. आता डोंबिवलीला गाडीत चढले की आधी ओढणी दुसऱ्या खांद्यावर पिनअप करते, मग पहिला कॉल लावते. आणि साठ असेल तर अजूनही "साठ, सहावर शून्य" असंच सांगते, काका तिकडून तेच परत म्हणून दाखवतात आणि मग पुढची ऑर्डर.