एलसीडी की प्लाझ्मा? आधी साधं केबल तर लावून दाखवा!

टीव्हीच्या दुकानात भिंतभर टीव्ही मांडून त्यावर पोपट, धबधबे आणि कापलेली कलिंगडं दाखवतात ना, त्या प्रकारावर माझा राग २०१० पासून आहे. परवा भाच्याबरोबर टीव्ही बघायला गेलो आणि तो परत उफाळून आला. भाच्याचा घोळ एलईडी की ओएलईडी हा, माझा तेव्हाचा एलसीडी की प्लाझ्मा. प्लाझ्मा आता मिळत नाही. पॅनासॉनिकनं २०१३ च्या अखेरीस तो बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं पुढच्या वर्षी. पण दुकानातली नाटकं तीच आहेत, म्हणून लिहितोय.

आम्ही शिवाजी पेठेतले. २०१० च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा वर्ल्डकप होता. वर्ल्डकपला पेठेत काय वातावरण असतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. गल्लीच्या या टोकाला ब्राझील, त्या टोकाला अर्जेंटिना. बजेट ठरलं, घरच्यांचा होकार आला, ३२ इंची एलसीडी किंवा थोडे जास्त घालून ४२ इंची प्लाझ्मा, इथपर्यंत काही अडलं नाही. मोठ्या आकारात तेव्हा प्लाझ्माच स्वस्त पडायचा.

घोडं अडलं ते राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात.

सगळ्या टीव्हींवर एकच सीडी चालू. डोक्यावर ट्यूबलाइटींच्या रांगा. अशा उजेडात एलसीडी झगझगीत दिसणार आणि प्लाझ्मा मरगळलेला, हे ठरलेलंच. कारण एलसीडीच्या पाठीमागे कायम दिवा जळत असतो आणि पुढचे स्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. प्लाझ्मात तसा दिवा नसतो. काचेच्या बारीक कप्प्यांत वायू भरलेला असतो, त्यात वीज खेळली की एकेक ठिपका स्वतः उजळतो. म्हणून अंधारात प्लाझ्माचा काळा रंग काळा दिसतो आणि एलसीडीचा राखाडी. हे मी वाचून गेलो होतो. मला फक्त डोळ्यांनी बघायचं होतं.

म्हटलं, "जरा केबल लावा की. दोन्हीवर एकच चॅनेल."

"साहेब, केबलची वायर ह्या बाजूला नाही."

"मग टीव्ही त्या बाजूला घ्या."

"मॅनेजर जेवायला गेलेत."

मॅनेजर जेवून आले. तोवर रिमोट सापडेना. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली मालकांकडे आणि मालक सांगलीला. दुसऱ्या खेपेला मालक होते, पण वायर जोडणारा पोरगा नव्हता. मधल्या वेळात सेल्समन मला एलईडी टीव्ही गळ्यात मारायला बघत होता. "हे तिसरंच आलंय साहेब, एलसीडीचा जमाना गेला." अहो, तो एलसीडीच आहे! पाठीमागच्या ट्यूबऐवजी एलईडी दिवे बसवलेत, एवढाच फरक. तसं म्हटल्यावर गडी गप्प झाला, पण वायर काही आणेना. शेवटी मी स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, पैसे खिशात आहेत, केबल लागल्याशिवाय उठत नाही. मग वायरही सापडली आणि पोरगाही.

चॅनेल लागलं आणि दोन्ही टीव्हींचं पितळ उघडं पडलं. आपलं तेव्हाचं साधं केबल म्हणजे ५७६ आडव्या ओळींचं, कमी बारकाव्याचं चित्र, तेही चौकोनी. ते रुंद पडद्यावर ताणलं की बातम्या देणारी बाई दुप्पट जाडी दिसते. ४२ इंचावर चेहऱ्याच्या कडा फुटलेल्या, ३२ वर जरा बऱ्या. सेल्समनचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. घरी रोज जे बघणार ते हेच, मग हे दाखवायला एवढं जड का जावं?

मग खेळाचं चॅनेल लावायला लावलं. कॅमेरा मैदानावरून फिरला की एलसीडीवर गवत फासल्यासारखं व्हायचं, चेंडूमागे पुसट शेपूट यायचं. प्लाझ्मावर चेंडू चेंडूच राहायचा. ट्यूबलाइटींची एक रांग बंद करा म्हटलं तर, "बाकीच्या गिऱ्हाइकांना दिसायचं नाही." दुकानात मी आणि एक झोपाळू वॉचमन! रांग बंद झाली, आणि मी सरळ फरशीवर मांडी घालून बसलो. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, मॅचला निम्मी मंडळी खालीच बसतात, दोघं-तिघं दारात उभे, एखादा जिन्यावर. खालून आणि कडेनं बघितल्यावर एलसीडीचे रंग उडाले, काळे केस राखाडी झाले. प्लाझ्मात कुठूनही बघा, फरक नाही. तिथंच ठरलं. बाजूच्या शोरूमच्या काचेतून लोक बघत होते, बघू देत.

प्लाझ्मा घेतला म्हणून तो सगळ्यांना योग्य होता असं नाही. दिवसभर ऊन येणाऱ्या खोलीत त्याची काच आरसा होते. विजेला खादाड आणि तापतोही. तेव्हा लोडशेडिंग होतं, त्यामुळे इन्व्हर्टरवर पंखे आणि प्लाझ्मा एकदम चालवायचा विचारसुद्धा करू नका असं मी सगळ्यांना सांगायचो. टीव्हीच्या पाठीवर वॅटचा आकडा छापलेला असतो, तो दुकानातच बघायचा.

आणि आबांच्या बातम्या. खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एका जागी राहिला की प्लाझ्मावर त्याचा डाग उमटायची भीती. पहिले शंभरेक तास कॉन्ट्रास्ट कमी ठेवा असं तेव्हा सांगायचे, तो मी ठेवला. आबांना म्हटलं, मधून मधून चॅनेल बदला. ते म्हणाले, "टीव्ही माझ्यासाठी आणलाय का मी टीव्हीसाठी?" मग बातम्यांना जुना डबा आतल्या खोलीत गेला. भाच्याला हेच सांगितलंय, कारण ओएलईडीतही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा तसाच गडद आणि डागाची धास्तीही तशीच. तासन्‌तास गेम खेळणाऱ्यानं विचार करूनच घ्यावा.

रात्री बाराच्या मॅचला दिवे घालवून प्लाझ्मावर जे हिरवं मैदान दिसायचं, त्याला तोड नव्हती. समोरच्या गल्लीतले एलसीडीवाले आमच्याकडे यायचे, हे मुद्दाम लिहितोय.

हां, एक राहिलंच. दुकानात टीव्हीचा पिक्चर मोड 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड', म्हणजे भडक रंगांवर ठेवलेला असतो. बघायच्या आधी 'स्टँडर्ड' नाहीतर 'सिनेमा' करायला सांगा, मगच रंगांबद्दल बोला. आणि घरी आणताना खोकं टेम्पोत आडवं टाकू देऊ नका, उभंच आणायचं. हमाल "काय होत नाही" म्हणतील, तरी धरून स्वतः मागे बसा.