दुधाचे दात पडेपर्यंत थांबावे का?

आमच्या दापोली-गुहागरकडे मुलांचे दात वेडेवाकडे दिसू लागले की वडीलधारी माणसे हमखास म्हणतात, "सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू." हा सल्ला अर्धा खरा आहे. दात नुसतेच वाकडे असतील तर बहुधा थांबता येते आणि तारा पुढे केव्हाही लावता येतात. वरचा व खालचा जबडा एकमेकांवर नीट बसत नसेल, तर मात्र वाढीचे वय उलटून गेल्यावर मोठ्या दोषांसाठी अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणूनच अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची (वाकडे दात व जबडे नीट बसवणाऱ्या दंतवैद्यांची) संघटना ७ व्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्यायला सांगते. तपासणी केली म्हणून लगेच उपचार सुरू होतात असे नाही.

माझ्या भाचीचा वरचा जबडा अरुंद होता. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत, त्यामुळे ती हनुवटी किंचित सरकवून चावत असे. टाळूच्या मधोमध असलेला हाडांचा सांधा लहानपणी घट्ट जुळलेला नसतो, त्यामुळे तिथे स्क्रूचे उपकरण बसवून जबडा रुंद करता येतो. रोज रात्री ओटीवर आईच्या मांडीवर डोके ठेवून ती 'आ' करी, कोणीतरी मोबाइलचा उजेड धरी आणि आई बारीक किल्ली बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवी. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली आणि आजी धास्तावली. वास्तविक, सांधा उघडल्याची ती खूण होती आणि फट पुढे आपोआप भरून आली. त्या काळात फणसपोळी मात्र वर्ज्य होती, आणि खरी तक्रार तेवढीच होती.

खालचा जबडा पुढे असेल, तर साधारण १० वर्षांच्या आत चेहऱ्यावरील मुखवट्यासारख्या उपकरणाने वरचा जबडा पुढे ओढण्याचा प्रयत्न करतात. खालचा जबडा मागे राहून वरचे दात पुढे आले असतील, तर घाई सहसा लाभत नाही: आठव्या-नवव्या वर्षी सुरुवात केली काय किंवा उंची झपाट्याने वाढू लागल्यावर केली काय, शेवटचा परिणाम जवळपास सारखाच असतो. फरक एवढाच, की लवकरच्या उपचाराने पुढचे दात आपटून तुटण्याचा धोका कमी होतो. आंब्या-काजूंच्या झाडांवर चढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे कारण मला क्षुल्लक वाटत नाही. अशा मागे राहिलेल्या जबड्यासाठीचे 'ट्विन ब्लॉक' हे उपकरण ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम क्लार्क यांनी स्कॉटलंडमध्ये १९७७ साली पहिल्यांदा वापरले, तेही पडून पुढचा दात निखळलेल्या मुलासाठीच. या उपकरणाच्या वरच्या-खालच्या ठोकळ्यांचे उतार असे असतात की तोंड मिटताना खालचा जबडा पुढेच यावा. ते जेवतानाही घालायचे असते, आणि मुले कंटाळतात ती इथेच.

किडलेली दुधाची दाढ "तशीही पडणारच" म्हणून उपटून टाकणे मला सर्वांत खटकते. मागची दुधाची दाढ अकरा-बारा वर्षांपर्यंत तिच्याजागी येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखते. ती लवकर गेली की शेजारची कायमची दाढ पुढे सरकते. दाढ काढावीच लागली, तर जागा राखणारी तारेची कडी बसवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.